शेवटच्या घरापासून

आण्णा, काल नगरपालिकेनं मला खुर्ची दिली. गादीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. ज्या पालिकेच्या पायरीवर बसून तुम्ही सगळ्या नोकरीत दुपारची भाकरी खाल्लीत, त्याच पालिकेच्या सभागृहात, पंख्याखाली, साहेबांपासून तिसरी. बसायच्या आधी मी ती हलवून बघितली, कारण सरकारी वस्तूचा भरवसा धरायचा नाही हे तुम्हीच शिकवलेलं. खुर्ची पक्की होती. पाय मात्र माझे जमिनीला टेकेनात, त्यामुळं सभाभर मी झोक्यावर बसल्यासारखी बसले आणि तशीच जे बोलायचं ते बोलून आले. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

लिहून घेणारी तुमची पणती आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच, कारण शाळेत घातलं नाही ते तुम्हीच. आई मजुरीला जायची आणि धाकटी दोघं माझ्या कडेवर, हे कारण मला पाठ आहे. ते भांडण मी वेगळं राखून ठेवलंय, वर आले की उभ्या उभ्या करीन. ही पोर माझ्या तोंडचं ‘न्हाय’ कागदावर ‘नाही’ करते, ‘म्या’चं ‘मी’ करते. मी म्हटलं, आण्णांना वाटेल कुणी मास्तरीण बोलतेय. तर म्हणते, ‘आज्जी, कुणी कुणाशी बोललं असेल ते जसंच्या तसं ठेवते, तुझंसुद्धा. बाकीचं मला नीट लिहू दे.’ तेव्हा भाषा जरा धुतल्यासारखी दिसली तर घाबरू नका, आत मीच आहे.

ही पोर पालिकेतच कामाला आहे, पण तुमच्यासारखी कायमची नाही, कंत्राटावर. म्हणजे दर वर्षी मार्च आला की हिचं जेवण कमी होतं. पुढच्या वर्षी ठेवतात का नाही ठेवत, हा घोर. गेल्या महिन्यात साहेबांनी हिला बोलावून सांगितलं, शहराचं व्हिजन लिहायचंय, मसुदा तुम्ही करा. व्हिजन म्हणजे काय हे मला समजायला दोन दिवस गेले. पंचवीस वर्षांनी आपलं गाव कसं असावं, हे चार-सहा ओळींत लिहायचं. सभेत लोकांना वाचून दाखवायचं, मंजूर करून घ्यायचं, मग दगडावर कोरून दारात लावायचं. पुढं जे काम निघेल ते त्या ओळींना धरून आहे का, ते बघायचं.

‘म्हंजी नवस बोलायचा,’ मी म्हटलं.

‘नवस नाही गं. नवस देवाला बोलतात.’

‘मग ह्यो कुणाला?’

पोरीनं कागद पुढं ओढला. तीन वेळा तिनं लिहून नेलं, तीन वेळा साहेबांनी परत दिलं. म्हणाले, शब्द चांगले आहेत, पण यात आपलं गाव दिसत नाही. सभेपर्यंत जमलं नाही तर बाहेरच्या माणसांकडून लिहून घेऊ. मग तुमची इथं गरज काय, एवढं ते बोलले नाहीत, पण पोरीला ते ऐकू आलं. त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली. मी तव्यावर भाकरी टाकत होते. म्हटलं, वाच बघू काय लिवलंस. तिनं वाचलं. शाश्वत, सर्वसमावेशक, गतिमान, तंत्रस्नेही. एकेक शब्द असा, की गिळताना पाणी लागावं.

‘हे ईट गावच्या चावडीवर लावलं तर चालंल का?’ मी विचारलं.

‘चालेल.’

‘येडशीच्या ठेसनावर?’

‘तिथंही चालेल.’

‘मग ह्याच्यात आपलं काय हाय?’

तिचे डोळे भरले. ‘एवढं कळतंय तर तूच सांग व्हिजन!’ असं म्हणून तिनं कागद ओट्यावर आपटला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हातात पीठ होतं, म्हणून मी हनुवटीनं मागचं दार दाखवलं. त्या दाराला टेकू म्हणून तुमची चावी उभी असते, आण्णा. पाणी सोडायची ती कमरेएवढी लोखंडी चावी, वरती आडवा दांडा असलेली. तुम्ही गेल्यावर भावांनी हंडे-पराती वाटून घेतल्या, मी चावी मागितली तेव्हा सगळे हसले होते. पोर ह्या चावीला रोज ओलांडून जाते. तिला वाटायचं, म्हातारीनं भंगार जपून ठेवलंय. मग मी तिला बसवून सांगितलं की गावाला पाणी कसं सुटायचं.

टाकी उंचावर, तिच्या पायथ्याला आपली गल्ली, आणि नळाची शेवटची तोटी ओढ्यापलीकडं, गावानं ज्यांना लांब ठेवलं होतं त्यांच्या वस्तीत. मध्ये सात गल्ल्या, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक झाकण आणि झाकणाखाली चावी लावायची जागा. कुणीही दुसरा माणूस असता तर टाकीपासून सोडत गेला असता, पाय वाचले असते. तुम्ही आधी सगळ्या गल्ल्या बंद करायचात, टाकी सोडायचात, आणि चावी खांद्यावर टाकून ओढा ओलांडून शेवटच्या घरापुढं जाऊन बसायचात. तिथली घागर तुमच्या डोळ्यांदेखत भरली की त्या घरच्या सुनेला म्हणायचात, ‘सूनबाई, ओंजळभर द्या.’ ते पाणी पिऊन मग माघारी फिरायचात, एकेक गल्ली उघडत. आपली सगळ्यात शेवटी. त्या वस्तीतलं पाणी पितो म्हणून आपल्या गल्लीत तुम्हाला काय काय बोलायचे, आणि आई चुलीपुढं बसून आणखी वरचं बोलायची. ‘गावाला पाणी पाजतोय, आन् घरात भांडं विसळायला न्हाय!’ तुमचं उत्तर एकच. जवळच्याला आधी दिलं तर लांबच्यापर्यंत जोरच राहत नाही. लांबच्याला आधी दिलं तर जवळच्याला मिळतंच, फक्त उशिरा मिळतं.

माझी भाकरी करपली. पोरीनं रडणं थांबवून कागद पालथा केला आणि त्याच्या कोऱ्या अंगावर एक ओळ लिहिली, ती मला वाचून दाखवली: ‘या शहरातलं प्रत्येक काम शेवटच्या घरापासून सुरू होईल.’ खाली तिनं आणखी दोन ओळी घातल्या, की जुन्या काळी आपल्याकडं पाणी सोडणारा एक माणूस होता, तो असं करायचा. मी म्हटलं, वरचं ऱ्हाऊ दे, आण्णांचं काढ. ‘का?’ म्हणाली. ‘काढ म्हणलं न्हवं!’ एवढी मी ओरडले की तिनं माझ्याकडं नीट बघितलं. पण काढलं नाही. तुमची पणतीच आहे ती.

मला का नको होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल असं मला कालपर्यंत वाटत नव्हतं. आक्काच्या हळदीचा दिवस. मी दहाएक वर्षांची असेन. सास्तूरचे पाहुणे बैलगाड्या जुंपून पहाटेच आलेले, अंगणात बायकाच बायका, आणि रांजण तळाला गेलेला. तुम्ही टाकी सोडून, शेवटच्या वस्तीची चावी उघडून, देवकाला बसायचं म्हणून घडीभर घरी आला होता. चावी भिंतीला टेकवलेली. आई सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, ‘आज तरी लेकीचा बाप हो म्हणावं, गावाचा रोजच हाय!’ ते शब्द मला झोंबले. तुम्ही डोळे मिटून बसला होता. मी चावी उचलली, म्हणजे फरफटत नेली, झाकण सरकवलं, आणि तुम्हाला बघून बघून जे शिकले होते ते केलं. पाणी आलं, आण्णा! आख्खी गल्ली हंडे घेऊन धावली. बायकांनी माझा मुका घेतला. पाणी सोडणाऱ्याची लेक म्हणून त्या दिवसाइतका मान मला पुढं माझ्या लग्नातही मिळाला नाही. मग मी चावी उलटी फिरवली, भिंतीला लावली, आणि हात मागं बांधून उभी राहिले.

तुम्ही चावी उचलून गेलात. तिकडं पाणी पोचलंच नाही, कारण मी बंद केलेलं धड बंद झालं नव्हतं. टाकी आपल्याच गल्लीत रिकामी झाली. दुपारी तुम्ही आलात ते मला दिसतं आहे. धोतराला चिखल, कपाळाला देवकाचं कुंकू. मी तांब्या पुढं केला. तुम्ही तांब्याकडं बघून म्हणालात, ‘तिकडं अजून कुणी प्यालं न्हाय,’ आणि तांब्या तसाच खाली ठेवलात. मग लग्नघरच्या भरलेल्या चार घागरी कावडीला लावून चालू लागलात. आई आडवी आली. ‘अवं, पाव्हणे बसल्यात!’ ‘बसू दे त्यास्नी,’ म्हणालात, आणि किती खेपा केल्यात ते मला मोजता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमची भाकरी घेऊन पालिकेत आले तेव्हा आत तुम्हाला चार माणसांपुढं उभं केलं होतं. पायरीवरून मला ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, ‘विसरलो, सायेब. लग्नाची गडबड, आमच्या गल्लीची चावी बंद करायची ऱ्हायली.’ मी भाकरी ठेवून पळाले. आणि त्याच दिवसापासून तुमच्या चावीला सुतळी आली. घरी आलात की तुम्ही चावी खुंटीला बांधायचात, गाठीवर गाठ मारून, आणि सकाळी निघताना दारात उभे राहून एकेक सोडायचात, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मी मनात मोजलं, सात गाठी. सात गल्ल्या. म्हणजे तुम्हाला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्याला विसर पडतो, म्हणून गल्लीमागं एक गाठ. गावही तेच म्हणू लागलं. तुमच्यासारख्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी एका सकाळी काढून घेतला, आणि तुम्ही तसेच गेलात. एवढी वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही.

आता कालचं. सभा सगळ्या गावाला खुली, पोरीनं मला पुढं नेऊन बसवलेलं. सभागृहात पोर उभी राहून मसुदा वाचते. पहिली ओळ झाली, खालच्या दोन झाल्या. मग एक नगरसेवक उठले, पन्नाशीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले. म्हणाले, ‘व्हिजन म्हणजे मोठं पायजे. विमानतळ टाका, आयटी टाका. शेवटचं घर काय? आन् ही पाणीवाल्याची गोष्ट तर काढाच. आमचे वडील सांगायचे, विसरभोळा होता तो माणूस. लेकीच्या लग्नात ओढ्यापलीकडची वस्ती तहानेली ठिवली त्यानं. पुढं चावीला गाठी मारून हिंडायचा. असल्याचं दगडावर कोरायचं व्हय?’

काही लोक हसले. पोरीनं कागद खाली केला. आण्णा, मी तिचा चेहरा बघितला आणि मला पायरीवरून ऐकलेला तुमचा आवाज आठवला. खुर्चीतून मी उतरले, उठले म्हणता येणार नाही, आणि माइक मागितला. तो आधी शिट्टी वाजवत होता. मी म्हटलं, ‘माजे वडील ते. इसरले न्हाईत. चावी म्या फिरवली व्हती. धा वरसाची व्हते. बंद करायची ऱ्हायली ती माज्याकडनं, त्यांच्याकडनं न्हाय. त्यांनी माजं नाव घेतलं न्हाय, एवढंच.’

नगरसेवक म्हणाले, ‘मावशी, बसा तुमी, कशाला…’ तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. बोळकं तोंड, चष्म्याला दोरा. शेवटच्या घरची सून, आण्णा! तुम्ही जिच्या हातची ओंजळ प्यायचात ती. आता ऐंशीच्या घरात असेल. ती बसल्या जागेवरूनच बोलली, माइक कशाला लागतोय तिला.

‘आगं पोरी, येवढी वरसं हे पोटात घिऊन बसलीस? आमाला त्याच दिवशी ठावं झालं की! चावीच्या दांड्याला हळदीचे हात उमटल्याले, चिमणीयेवढे. आण्णा आमच्या दारात बसल्याले, पाण्याची वाट बघत. दांडा बघितला आन् कपाळावर हात मारला. मग कावड आणली, माज्याफुडं टेकवली, आन् म्हणले, सूनबाई, हे पाणी माज्या लेकीनं चोरल्यालं हाय. तुमचंच हाय, घ्या.’

मी विचारलं, ‘आन् गाठी?’

‘गाठी? सुतळी माज्या सासऱ्यानं वळून दिली. आण्णा म्हणले, अशी द्या, की माज्या पोरीच्या बोटांस्नी सुटू नये. पोरगी चावी उघडाय शिकलीया, बंद कराय शिकली न्हाय.’

अख्खी सभा हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. इतकी हसले की पोरीनं येऊन मला पाणी पाजलं. म्हणजे दारात उभं राहून तुम्ही गल्ल्या मोजत नव्हता. मला शिव्या देत होता! आणि सात गाठी म्हणे. मला तेव्हा सातापर्यंत धड मोजता तरी येत होतं का? मीच सात धरल्या. तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं आणि मी मात्र मनातल्या मनात तुम्हाला म्हातारं करून ठेवलं. आण्णा, काय हलकं वाटलं म्हणून सांगू. डोक्यावरची घागर उतरवल्यावर मान आपोआप वर जाते ना, तसं झालं.

वाक्य मंजूर झालं. तुमच्या दोन ओळीही राहिल्या, फक्त ‘विसरले नाहीत’ एवढं त्यात घाला असं कुणीतरी सुचवलं आणि साहेबांनी हसून मान हलवली. त्या नगरसेवकांनीही हात वर केला. जाताना पोरीला म्हणाले, ‘विमानतळ खाली कुठंतरी बसव की, बारीक अक्षरात.’ साहेब पोरीला म्हणाले, आता या ओळीप्रमाणं कामांची यादी करायला बसा, वर्षभर पुरेल. पोरीनं त्यातलं ‘वर्षभर’ बरोबर ऐकलं. काल रात्री तीन भाकरी खाल्ल्या तिनं. शेवटच्या घरची सून मात्र निघताना साहेबांपुढं काठी टेकून उभी राहिली. म्हणाली, ‘वळ लई ग्वाड हाय, सायेब. दगडावर कोरा. पर आमच्याकडं आजबी पाणी सगळ्यांच्या मागनं येतंय. सुरू कदी करताव, ते बी त्याच्याखाली कोरा.’ साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण पोर म्हणते, तिच्या घराचा पत्ता लिहिला. तिला मी रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसल्यावर तिनं माझा हात हातात घेतला, बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, ‘हीच न्हवं ती?’

पोर विचारते, पत्र संपलं का, आणि घडी घालून कुठं ठेवू. मी म्हटलं, चावी खुंटीला टांग आधी, मग पत्र तिथंच बांध. दाराला दुसरं काहीतरी टेकू बघू. आणि जरा थांब, एक राहिलंय. सभेत मी म्हटलं, बंद करायची राहून गेली. सगळ्यांनी ऐकून घेतलं, तुमच्या सूनबाईनंही. पण आण्णा, बंद कशी करायची ते मला येत होतं. तुमचा हात मी शंभरदा बघितला होता. मी दोन फेरे मुद्दामच कमी फिरवले. रांजण अजून चार बोटं रिकामा होता.